शिफारस सापडली पाहिजे : कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी वेब डेव्हलपरची निवड

कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयात संकेतस्थळाचे काम पाहणारी व्यक्ती नेमायची असली, की जाहिरातीचा मसुदा बहुधा ठरलेला असतो. संगणकशास्त्रातील पदवी, दोन-तीन वर्षांचा अनुभव, पीएचपी व जावास्क्रिप्टचे ज्ञान आणि आकर्षक संकेतस्थळ तयार करण्याची हातोटी. हाच मसुदा एखाद्या हॉटेलला किंवा साड्यांच्या दुकानालाही चालला असता. हॉटेलचे संकेतस्थळ बंद पडले तर ग्राहक दूरध्वनी करतो. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर शोध घेऊन काहीच हाती लागले नाही, तर शोधणारा मात्र असे समजतो की या विषयावर विद्यापीठाने काम केलेलेच नाही. मग तो कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर जातो आणि तेथे जे सांगितले जाईल ते घेऊन येतो.

म्हणूनच वेब डेव्हलपरची नेमणूक ही केवळ आस्थापना शाखेची बाब मानून चालणार नाही. पन्नास वर्षांचे संशोधन बांधापर्यंत पोहोचणार की कपाटात राहणार, हे बऱ्याच अंशी या एका व्यक्तीच्या कामावर अवलंबून असते. ('विकासक' हा शब्द मराठीत इमारती बांधणाऱ्यांनी आधीच घेतलेला असल्यामुळे येथे 'वेब डेव्हलपर' हाच रूढ शब्द वापरला आहे.)

ग्रंथालयात नेमके काय आहे

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चारही कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात स्थापन झाली. त्यांच्या ग्रंथालयांत पदव्युत्तर व आचार्य पदवीचे प्रबंध, वार्षिक संशोधन अहवाल, संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीने मान्य केलेल्या शिफारशी, कृषिदर्शनी, पुस्तिका आणि घडीपत्रिका साठलेल्या आहेत. देशातील इतर राज्यांच्या कृषी विद्यापीठांतही चित्र थोड्याफार फरकाने असेच आहे.

या साठ्याचे दोन भाग पडतात. प्रबंध व शोधनिबंध बहुतांशी इंग्रजीत आहेत आणि त्यांच्यासाठी राष्ट्रीय पातळीवर बरीच व्यवस्था झालेली आहे. राष्ट्रीय कृषी नवोपक्रम प्रकल्पातील ई-ग्रंथ उपक्रमातून 'कृषिकोश' हा अंकीय संग्रह उभा राहिला. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत त्याचे केंद्र आहे आणि देशभरातील कृषी विद्यापीठांचे प्रबंध त्यात जमा होतात. संशोधनपत्रिकांसाठी २००७ पासून 'सेरा' हा संघ कार्यरत आहे. दुसरा भाग मराठीतील घडीपत्रिका, पुस्तिका आणि शिफारशींचा. शेतकऱ्याला थेट उपयोगी पडणारा भाग हाच. बाहेरची पुस्तके अन्यत्रही मिळतात. एखाद्या विद्यापीठाने १९९६ साली तुरीवर काढलेली घडीपत्रिका मात्र त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात नसेल तर बहुधा कोठेच नसते. ग्रंथालयाच्या वेब डेव्हलपरचे निम्मे काम या दुसऱ्या भागाशी असते आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखही नसतो.

मराठी मजकूर संगणकाला कसा दिसतो

युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी विद्यापीठांचे मराठी साहित्य श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, डीव्हीबी अशा फॉण्टमध्ये जुळवले जात असे. या फॉण्टमध्ये कागदावर आणि पडद्यावर 'ऊस' दिसतो, परंतु फाइलमध्ये प्रत्यक्षात साठवलेली असतात ती रोमन अक्षरे व चिन्हे. देवनागरीचे रूप त्यांच्यावर केवळ फॉण्टमुळे चढते. अशा पीडीएफमधील परिच्छेद उचलून व्हॉट्सॲपवर टाकला की अर्थहीन अक्षरांची रांग उमटते, हे बहुतेक विस्तार कार्यकर्त्यांनी पाहिलेले असेल. शोधयंत्रालाही तीच रांग दिसते. त्यामुळे शंभर घडीपत्रिका संकेतस्थळावर चढवलेल्या असल्या तरी 'ऊस' शोधल्यावर त्यांतील एकही समोर येत नाही.

हा मजकूर युनिकोडमध्ये आणण्याची साधने उपलब्ध आहेत. अडचण अशी की प्रत्येक फॉण्टची अक्षरांची मांडणी वेगळी असते. एका फॉण्टचे कोष्टक दुसऱ्याला लावले की जोडाक्षरे बिघडतात. हे काम यंत्रावर सोडून देता येत नाही. कोणती फाइल कोणत्या फॉण्टमधील आहे हे ओळखणारा आणि रूपांतरानंतर मजकूर तपासून घेणारा माणूस लागतो.

त्याहून जुने साहित्य खिळ्यांवर छापलेले किंवा टंकलिखित असते. त्याचे स्कॅनिंग केले की हाती येते ते केवळ छायाचित्र. या छायाचित्रातील अक्षरे ओळखण्यासाठी टेसरॅक्टसारखे मुक्त सॉफ्टवेअर मराठीसाठीही उपलब्ध आहे आणि स्वच्छ छपाई असेल तर ते समाधानकारक काम करते. मात्र कृषी साहित्यात एक धोका आहे, जो कथा-कादंबऱ्यांत नसतो. कथेतील एखादा काना चुकीचा वाचला गेला तर वाचक हसून पुढे जातो. घडीपत्रिकेतील '१' हा अंक यंत्राने '९' असा वाचला, किंवा '०.५' मधील दशांशचिन्ह गाळले, तर फवारणीची मात्रा बदलते. यासाठी यंत्राने ओळखलेला मजकूर फक्त शोधासाठी पडद्यामागे ठेवावा आणि वाचकाला मूळ पानाचे चित्रच दाखवावे, हा नियम ग्रंथालयाने प्रथमपासून ठरवून द्यावयास हवा. मात्रांची कोष्टके स्वतंत्रपणे टंकित करावयाची असतील तर ती विषयतज्ज्ञाने तपासल्याशिवाय प्रसिद्ध होऊ नयेत. मजकूर देणारे सॉफ्टवेअर त्याच्या अचूकतेची जबाबदारी घेत नसते.

युनिकोडमध्ये टंकलेखन झाले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. मराठीतील 'ऱ्य' हे जोडाक्षर पाहावे. ते संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठवता येते : 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन, साध्या 'र'ला नुक्ता जोडून, किंवा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा क्रमाने. पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्राच्या दृष्टीने मात्र ती वेगवेगळी आहेत. पहिली दोन रूपे युनिकोडच्या प्रमाणित पद्धतीने एकरूप करता येतात. तिसरे त्या पद्धतीनेही जुळत नाही, त्यासाठी शोधयंत्रात स्वतंत्र नियम लिहावा लागतो. हा मुद्दा सूक्ष्म वाटेल, पण 'शेतकऱ्यांसाठी', 'रस शोषणाऱ्या किडी', 'पाने खाणाऱ्या अळ्या', 'शेंगा पोखरणारी' याचे अनेकवचन 'पोखरणाऱ्या' हे शब्द ज्या साहित्यात पानोपानी येतात, तेथे अर्धा साठा एका पद्धतीने आणि अर्धा दुसऱ्या पद्धतीने टंकित झालेला असेल तर प्रत्येक शोधात अर्धा साठा गायब राहतो. आणि गायब आहे, हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण काही निकाल तर दिसत असतातच.

यानंतर सामान्यरूपाचा प्रश्न येतो. 'ऊस' लिहून शोधले तर 'उसावरील हुमणी' सापडत नाही. पहिले अक्षरच बदललेले असते. 'तूर' आणि 'तुरीवरील', 'मूग' आणि 'मुगावरील', 'कीड' आणि 'किडींचे' यांचेही तसेच. इंग्रजीसाठी बनवलेल्या शोधयंत्राला हे माहीत असण्याचे कारण नाही. हिंदीसाठी तयार असलेले नियम मराठीला जसेच्या तसे लावून भागत नाही, कारण हिंदीत प्रत्यय शब्दापासून तोडून लिहिले जातात आणि मराठीत जोडून. पिके, किडी, रोग आणि खते यांची काही शे नावे व त्यांची सामान्यरूपे यांची यादी करून ती शोधयंत्राला पुरवणे हा यावरचा साधा, व्यवहार्य उपाय आहे. यादी करण्याचे काम ग्रंथपाल व विषयतज्ज्ञांचे. ती यंत्रणेत बसवण्याचे काम वेब डेव्हलपरचे. त्याला मराठी उत्तम लिहिता यावे अशी अट घालण्याची गरज नाही, पण मराठी शब्द प्रत्यय लागल्यावर कसा बदलतो याचे भान नसलेल्या उमेदवाराला हे काम समजावून सांगण्यातच वर्ष निघून जाते.

एक कीड, अनेक नावे

कीटकशास्त्रात नावांचा गोंधळ नवा नाही. हरभऱ्यावरील घाटे अळी, कपाशीवरील अमेरिकन किंवा हिरवी बोंडअळी आणि टोमॅटोवरील फळ पोखरणारी अळी ही एकाच किडीची नावे आहेत. शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. पण जुन्या अनेक भारतीय प्रबंधांत हीच कीड हेलिऑथिस आर्मिजेरा म्हणून नोंदवलेली आहे. आजचे नाव घालून शोधणाऱ्याला जुन्या काळातील प्रयोग दिसत नाहीत. गुलाबी बोंडअळीचेही तेच : आज पेक्टिनोफोरा, जुन्या साहित्यात प्लॅटिड्रा. १९६० व ७० च्या दशकांत या किडीचा जीवनक्रम, तिची सुप्तावस्था आणि पऱ्हाट्यांची विल्हेवाट यांवर झालेले काम आजही उपयोगी आहे. ते सापडत नसेल तर तेच प्रयोग पुन्हा मांडले जातात.

याच्या उलट प्रकार अधिक धोक्याचा. 'लष्करी अळी' या एकाच नावाखाली दोन निराळ्या किडी येतात. भात व ज्वारीवर पूर्वापार आढळणारी, भाताच्या लोंब्या कुरतडणारी लष्करी अळी ही एक. आणि २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम नोंदली गेलेली व त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचलेली, मक्याच्या पोंग्यात राहणारी अमेरिकन लष्करी अळी ही दुसरी. मक्यासाठी शोधणाऱ्याच्या हाती भाताची जुनी घडीपत्रिका पडली तर त्यातील शिफारस त्याच्या काही कामाची नाही.

अशा ठिकाणी प्रत्येक नोंदीला पिकाचे नाव, किडीचे मराठी नाव, आजचे शास्त्रीय नाव आणि जुनी नावे वेगवेगळ्या रकान्यांत द्यावी लागतात. नोंदींचे रकाने कसे असावेत याचे आंतरराष्ट्रीय संकेत ठरलेले आहेत. अंकीय संग्रहांत मोठ्या प्रमाणावर वापरात असलेला डब्लिन कोअर हा पंधरा मूलघटकांचा संच १९९५ च्या एका बैठकीतून पुढे आला. पण त्या पंधरा रकान्यांत पिकाचा किंवा किडीचा स्वतंत्र रकाना नाही; तो जोडून घ्यावा लागतो. ज्या वेब डेव्हलपरने आजवर केवळ दुकानांची संकेतस्थळे केली आहेत त्याला 'उत्पादनाचे नाव' आणि 'किंमत' हे रकाने ठाऊक असतात. ग्रंथालयाच्या नोंदीमागचा विचार त्याला शिकवावा लागतो. ज्याची शिकण्याची तयारी आहे त्याला तो महिन्याभरात समजतो.

कालबाह्य शिफारशींचे काय करावे

ऊस व भुईमुगावरील हुमणीसाठी फोरेट दाणेदार जमिनीत मिसळण्याची शिफारस जुन्या साहित्यात सर्रास आढळते. केंद्र शासनाच्या २०१८ च्या आदेशानुसार फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस, फॉस्फॅमिडॉन यांसह सहा कीडनाशकांवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच बंदी घातली होती. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास त्याच्याही आधीपासून मनाई आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेनंतर कीडनाशकांच्या शिफारशी किती काळजीपूर्वक लोकांसमोर ठेवल्या पाहिजेत हे वेगळे सांगण्याची आवश्यकता उरलेली नाही.

प्रश्न असा की १९९८ ची घडीपत्रिका स्कॅन करून विद्यापीठाच्या बोधचिन्हाखाली संकेतस्थळावर चढवली, तर आज ती वाचणाऱ्याला ती आजचीच वाटते. कागदी घडीपत्रिकेचा पिवळा रंग आणि झिजलेल्या कडा वाचकाला तिचे वय सांगत असतात. पडद्यावर सगळेच नवे दिसते. जुने साहित्य काढून टाकावे, असा सल्ला काही वेळा दिला जातो. तो स्वीकारण्यासारखा नाही; संशोधकाला, विद्यार्थ्याला आणि धोरण ठरवणाऱ्यालाही पूर्वी काय शिफारस होती हे कळले पाहिजे. त्या घडीपत्रिकेतील किडीची ओळख, जीवनक्रम, वळवाच्या पावसानंतर बाभूळ-कडुलिंबावर जमणारे भुंगेरे गोळा करण्याचा सल्ला आजही तितकाच खरा आहे.

उपाय तांत्रिक आहे आणि फार अवघड नाही. प्रत्येक नोंदीला 'चालू', 'सुधारित' किंवा 'मागे घेतलेली' असा दर्जा द्यावा. बंदी आलेल्या कीडनाशकांची यादी एके ठिकाणी ठेवून, त्यांपैकी कोणतेही नाव ज्या साहित्यात येते त्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर ठळक सूचना आपोआप उमटावी. पीडीएफ उतरवून घेतली तरी ती सूचना पहिल्या पानावर सोबत जावी, कारण फाइल एकदा व्हॉट्सॲप गटात गेली की संकेतस्थळावरील सूचना तिच्यापासून तुटते. नवा आदेश निघाल्यावर यादीत एक नाव वाढवले की सगळीकडे बदल व्हावा. शेकडो फाइली हाताने उघडत बसण्याची वेळ येऊ नये. उमेदवाराला मुलाखतीत विचारण्यासारखा यापेक्षा चांगला प्रश्न नाही. अशी व्यवस्था तुम्ही कशी उभी कराल, एवढेच विचारावे आणि ऐकत राहावे.

कोणती कौशल्ये मागावीत

ग्रंथालयाचे संकेतस्थळ म्हणजे केवळ पहिले पान नव्हे. त्यामागे साधारणपणे दोन यंत्रणा असतात. पुस्तकांची सूची व देवघेव यांसाठी अनेक ठिकाणी 'कोहा' वापरले जाते. न्यूझीलंडमधील एका लहानशा ग्रंथालय संस्थेसाठी तयार होऊन २००० साली ते वापरात आले. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. प्रबंध व पुस्तिकांच्या अंकीय संग्रहासाठी 'डीस्पेस' असते, जे अमेरिकेतील एमआयटीच्या ग्रंथालयाने ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीबरोबर २००२ मध्ये आणले. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. परवाना शुल्क नाही म्हणजे खर्चच नाही, असा समज प्रशासनात रूढ असतो. तो खर्च माणसावर करावा लागतो.

कोहा पर्ल भाषेत लिहिलेले आहे, डीस्पेस जावामध्ये. २०२१ मध्ये आलेल्या डीस्पेसच्या सातव्या आवृत्तीत वाचकासमोरचा भाग संपूर्णपणे नव्याने लिहिला गेला. त्यामुळे आधीच्या आवृत्तीवर मराठी पाट्या व रचना बसवून घेतलेल्या ग्रंथालयांना ते काम पुन्हा करावे लागते. जाहिरातीत केवळ 'पीएचपी' लिहिल्यास येणारे उमेदवार पहिले पान सुंदर करतील आणि मागच्या यंत्रणेला हात लावणार नाहीत. लिनक्स सर्व्हर सांभाळणे, डेटाबेस हाताळणे, नियमित प्रतिलिपी ठेवणे आणि आवृत्ती बदलताना माहिती न गमावणे, ही कौशल्ये दिसायला रूक्ष आहेत. जाहिरातीत ती पहिल्या ओळीत हवीत. इतर संग्रहांना नोंदी आपोआप उचलता याव्यात यासाठीची ओएआय-पीएमएच ही पद्धत, अपंग वाचकांच्या सोयी, शासकीय संकेतस्थळांसाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे आणि सर्ट-इनच्या यादीतील संस्थेकडून होणारी सुरक्षा तपासणी यांची माहिती असल्यास उत्तम. नसल्यास ती पुढे मिळवता येते.

निवड कशी करावी

लेखी परीक्षा आणि मुलाखत यांनी फारसे काही कळत नाही. उमेदवाराला अर्धा दिवस ग्रंथालयात बसवून काम द्यावे. जुन्या फॉण्टमधील एक घडीपत्रिका शोधता येईल अशी करून मागावी. जो उमेदवार प्रथम 'हा फॉण्ट कोणता?' असे विचारतो त्याला निम्मे गुण तेथेच द्यायला हरकत नाही. 'रस शोषणाऱ्या किडी' हे शब्द दोन वेगळ्या पद्धतींनी टंकित करून शोधायला सांगावे आणि निकालांची संख्या वेगळी का येते, हे शोधून काढण्यास वेळ द्यावा. उत्तर माहीत असणे आवश्यक नाही. ते कसे शोधतो, हे पाहायचे. त्यानंतर चाचणीच्या सर्व्हरवरील एक नोंद पुसून टाकावी आणि प्रतिलिपीतून ती परत आणण्यास सांगावे. प्रतिलिपी ठेवणारे पुष्कळ असतात. तीमधून काहीतरी परत आणून पाहिलेले थोडे.

शेवटचे काम मोबाइलचे. ए-४ आकाराचे एक पान ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केले तर त्यात सुमारे ८७ लाख चित्रबिंदू असतात आणि संक्षेप न करता त्याचा आकार २६ एमबीच्या आसपास भरतो. ग्रंथालयातील जलद जोडणीवर हे जाणवत नाही. तालुक्याच्या गावी, साध्या फोनवर, एक-दोन रेघांच्या नेटवर्कमध्ये बारा पानांची पुस्तिका उघडताना जाणवते. उमेदवाराने केलेले पान त्याच्या लॅपटॉपवर न पाहता निवड समितीतील एखाद्या सदस्याच्या साध्या फोनवर, वाय-फाय बंद करून पाहावे.

समितीत ग्रंथपाल आणि संगणकशास्त्राचे प्राध्यापक असतातच. त्यांच्यासोबत कृषी विज्ञान केंद्रातील एक विषय विशेषज्ञ आणि संकेतस्थळ वापरणारा एक शेतकरी बसवता आला तर प्रश्नांचा रोख बदलतो. देशात ७०० हून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत; विस्तार कार्यकर्ता हा या ग्रंथालयांचा सर्वांत मोठा वाचक ठरू शकतो, आणि निवड समितीत त्यालाच सहसा कोणी बोलावत नाही.

करारातील जागा

पद मंजूर नसेल तर दोन मार्ग उरतात : व्यक्तीला करारावर घेणे किंवा संस्थेला काम देणे. अकरा महिन्यांचा करार ग्रंथालयाच्या कामाला अपुरा पडतो. साठा समजून घेण्यात पहिले तीन-चार महिने जातात, शेवटचे दोन पुढच्या नोकरीच्या शोधात. किमान तीन वर्षांची मुदत आणि दरवर्षी कामाचा आढावा अशी रचना हवी. संस्थेची निवड केवळ सर्वांत कमी दरावर केली तर तयार साच्यातील संकेतस्थळ मिळते; गुणवत्ता व दर यांना एकत्र गुण देऊन निवड करण्याची तरतूद नियमांत जेथे उपलब्ध आहे तेथे ती वापरावी.

संकेतस्थळाचे नाव विद्यापीठाच्याच नावे नोंदलेले असावे, सर्व्हरचे मुख्य परवलीचे शब्द ग्रंथपालाकडे मोहोरबंद असावेत, आणि लिहिलेला सर्व प्रोग्राम व त्याची टिपणे विद्यापीठाच्या मालकीची राहतील असे करारात स्पष्ट लिहावे. संस्थेशी वाद झाला आणि संकेतस्थळाची किल्लीच तिच्याकडे राहिली, अशी वेळ येते तेव्हा तडजोडीला फारशी जागा उरत नाही.

आणखी एक कलम सहसा राहून जाते. संकेतस्थळाची नवी रचना केली की पानांचे पत्ते बदलतात आणि जुने दुवे मरतात. घडीपत्रिकांवर छापलेले क्यूआर कोड, प्रशिक्षणात वाटलेल्या पुस्तिका, गावोगावच्या गटांत फिरणारे संदेश या सगळ्यांतून उघडते ते 'पान सापडले नाही' हे उत्तर. छापलेला कागद परत मागवता येत नाही. डीस्पेसमध्ये प्रत्येक नोंदीला 'हँडल' हा कायमचा पत्ता देण्याची सोय आहे. तीच छापावी, आणि रचना बदलल्यास सर्व जुने पत्ते नव्या ठिकाणी वळवून देणे कंत्राटदारावर बंधनकारक करावे. विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्ह्यात छापलेल्या साहित्यावरील दुव्यांची यादी ग्रंथालयाला पाठवल्यास हे काम निम्म्याने हलके होईल.

नेमणूक झाल्यानंतर वेब डेव्हलपरला पहिल्या महिन्यात चार-पाच दिवस एखाद्या कृषी विज्ञान केंद्रावर पाठवावे. तेथे येणारे शेतकरी काय शोधतात आणि कसे लिहितात, हे त्याने पाहावे. बरेच जण 'humni' असे न लिहिता बोलून शोधतात, काही जण किडीचे छायाचित्र पुढे करतात. परतल्यावर त्याने सर्वप्रथम करावयाचे काम म्हणजे ज्या शोधांना शून्य निकाल मिळाला त्यांची नोंद ठेवणारी व्यवस्था. शोधणाऱ्याचे नाव वा क्रमांक न घेता केवळ शोधलेले शब्द जमा करावेत आणि दर महिन्याला ती यादी ग्रंथपालामार्फत विषयतज्ज्ञांकडे जावी. त्यांतील काही शब्दांना उत्तर साठ्यात असते, फक्त नाव जुळलेले नसते. ते त्याच आठवड्यात जोडता येते. ज्यांना उत्तरच नाही, त्या शब्दांची यादी विस्तार शिक्षण संचालनालयाकडे पाठवावी.